बाक आणि बेसिन

साथीच्या काळात आमच्या इमारतीत सगळ्यांत मोठी गर्दी जमली ती एका बेसिनभोवती, आणि ते बेसिन रोग पसरू नये म्हणून मी स्वतः, स्वतःच्या डोक्यानं बसवलेलं होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तळमजल्यावरचे कॅप्टन ही गोष्ट सांगतात तेव्हा हे वाक्य शेवटी ठेवतात आणि सांगता सांगता मधेच हसतात. मी वजनमापे खात्यात उभा जन्म काढलेला माणूस आहे. तराजूचा काटा केसभर कलला तरी मला लांबून कळतो. त्या बेसिनच्या कल्पनेत तसूभरही चूक नव्हती. चूक माणसांत होती, आणि माणसांची मापं तपासणं आमच्या खात्याकडे कधीच नव्हतं.

सुरुवात झाली आईच्या बाकापासून. इमारतीच्या फाटकाशी एक सिमेंटचं बाक आहे. सकाळी तिथं ऊन येतं, आणि उन्हाबरोबर आई. आईचं वय झालंय, छाती जुन्या आजारानं नाजूक झालीय आणि कान तर केव्हाचे गेलेत. पण समोरच्याचे ओठ बघून ती सगळं ओळखते. शिवाय आपण फार हळू बोलतो अशी तिची प्रामाणिक समजूत आहे. तिनं कुणाच्या कानात सांगितलेली गोष्ट वरच्या मजल्यावरचे लोक आपापल्या घरात बसून ऐकतात. त्या बाकावर बसून ती सगळ्या इमारतीची खबर घ्यायची आणि ताजीतवानी होऊन जेवायला वर यायची.

साथ आली आणि डॉक्टरांनी बाक बंद केलं. आई आधी कुरकुरली, मग भांडली, मग गप्प झाली. ती भांडत होती तोवर मला चिंता नव्हती. गप्प झाली तेव्हा घर खायला उठलं. ताटात अर्धं अन्न राहायला लागलं. दुपारभर ती घड्याळाकडे बघत बसायची, जणू त्याचेही ओठ हलतील. एक दिवस ती आमच्या हिला म्हणाली, "सूनबाई, मी आता या खोलीतूनच जायची का गं?" ही स्वयंपाकघरात निघून गेली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. त्यातलं एक अक्षर वाचलं असेल तर शपथ.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "खालच्या लोकांनी नाकातोंडावर मास्क नीट लावला, हात धुतले, लांब बसले, तर सकाळच्या उन्हात थोडा वेळ बसू द्या. पण तुमच्या इमारतीतले लोक मी पाहिलेत." ते शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं. मी इमारतीचा सचिव आहे! तिथल्या तिथे आईसमोर जाऊन बसलो आणि एकेक शब्द सावकाश म्हणालो, "हा महिना संपायच्या आत तुला बाकावर बसवतो." आईनं माझे ओठ वाचले आणि म्हणाली, "बघू."

आता लोक कसे होते ते ऐका. कॅप्टन कुठल्याही जहाजाचे किंवा सैन्याचे कॅप्टन नव्हते. तरुणपणी ते ऑफिसच्या कॅरम टीमचे कॅप्टन होते आणि नंतर ते पद त्यांनी सोडलंच नाही. त्यांचा मास्क कायम हनुवटीवर. रोग दाढीतून शिरतो असा त्यांचा समज असावा. दुसऱ्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाई मास्क लावायच्या, पण नाक बाहेर ठेवून, कारण म्हणे नाक कोंडलं की सूर बसतो. सगळ्यांत वर राहणारे वकीलसाहेब मास्क एका कानाला लटकवायचे आणि मुद्दा मांडून झाला की दुसऱ्या कानाला अडकवायचे. त्यांचे मुद्दे संपत नसत.

मी पहिली नोटीस लावली. खात्यातली भाषा माझ्या हाडीमाशी भिनलेली आहे, त्यामुळे नोटीस तशीच खणखणीत उतरली. 'सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, नासिका व मुख यांचे यथायोग्य आच्छादन न करता सामायिक जागेत वावरणाऱ्या रहिवाशांची गंभीर दखल घेण्यात येईल.' कॅप्टननी ती मान वाकडी करून पूर्ण वाचली. "झकास लिहिलंय हो सचिव," ते म्हणाले. "पण यात आम्ही करायचं काय?" हे विचारताना मास्क हनुवटीवरच होता.

मग मी ठरवलं, भीती घालायची. त्या जंतूचं काटेरी चित्र मोठं करून, रंगीत छापून लिफ्टमध्ये चिकटवलं. गाणंवाल्या बाई लिफ्टमधून उतरल्या त्या प्रसन्न चेहऱ्यानं. "रंग काय सुरेख आहेत हो! उशीच्या अभ्र्यावर असं भरलं तर?" कॅप्टन म्हणाले, "आम्हाला काय होतंय? लहानपणी विहिरीचं पाणी प्यायलोय." वकीलसाहेब म्हणाले, "माझ्या नाकापासून कुणाला बाधा झाली, याचा पुरावा दाखवा. मग बोलू." एक गोष्ट मात्र सगळ्यांना एकमतानं मान्य होती. रोग येणारच, पण तो दुसऱ्या मजल्यावरून. दुसऱ्या मजल्याच्या मते तो तळमजल्यावरून येणार होता.

ही म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना सरळ सांगा ना, की आईंना खाली यायचंय म्हणून."

"सचिवानं घरची गाऱ्हाणी चव्हाट्यावर मांडायची?" मी म्हणालो. "उद्या म्हणतील, पद वापरून स्वतःच्या आईची सोय बघतो. आजवर खात्यात कुणाच्या चहाला मिंधा झालो नाही मी!"

"चहा कुणी मागितलाय?" ती म्हणाली आणि आत गेली. तत्त्वाचा प्रश्न आला की ही आत जाते.

तेव्हा मला बेसिन सुचलं. साधं नव्हे, पायानं दाबायचं. फाटकातून आत आलं की समोरच बेसिन, खाली पेडल. पाय दाबा, पाणी घ्या, हात धुवा, नळाला स्पर्श नाही. हात धुताना माणूस आपोआप थांबतो, थांबला की समोरची नोटीस वाचतो, वाचली की मास्क वर घेतो. साखळी कशी पक्की होती बघा. फक्त सामायिक पाण्याच्या लाइनीतून जोडणी घ्यायची, तर पाणीखात्याची परवानगी हवी होती.

रोग टाळण्याच्या उपकरणाची परवानगी मागायला मी जन्मात पाहिली नाही एवढ्या गर्दीत उभा राहिलो. काचेमागच्या कारकुनानं माझा नकाशा उलटसुलट फिरवला.

"हात धुण्याची जागा म्हणजे स्वच्छतागृहात मोडते. दरवाजा कुठाय?"

"बेसिनला दरवाजा?"

"स्वच्छतागृहाला दरवाजा लागतो."

"मग पाणपोई म्हणून दाखवा."

"पाणपोईला साबण कशाला?" असं म्हणून त्यानं मास्क खाली ओढला, अंगठ्याला थुंकी लावली आणि पान उलटलं. मी डोळे मिटून घेतले. शेवटी त्यालाच माझी दया आली आणि त्यानं एक वाट काढली. नियमांत 'शोभेचं कारंजं' असा एक प्रकार होता, त्याला दरवाजाही लागत नव्हता आणि साबणाचा उल्लेखही नव्हता. आमचं बेसिन शोभेचं कारंजं म्हणून मंजूर झालं. अर्जाच्या शेवटी मी सवयीनं लिहिलं, 'काम पूर्ण होताच पाहणी करावी, ही विनंती.' कुठलंही माप तपासल्याशिवाय वापरात आणू नये, हे माझं आयुष्यभराचं ब्रीद. त्यानंच माझा घात केला.

प्लंबर आला आणि त्याच्यामागोमाग सल्ले आले. कॅप्टन म्हणाले वर आरसा हवा. वकीलसाहेब म्हणाले बेसिन कुठेही ठेवा, पण त्यांच्या गाडीच्या वाटेत नको. गाणंवाल्या बाईंनी पेडल दाबून बघितलं आणि ते बेसूर कुरकुरतं अशी तक्रार केली. प्लंबर मनुष्य फार गोड. तो प्रत्येकाला म्हणायचा, "होऊन जाईल." सगळ्यांचं सगळं होऊन जाता जाता बेसिन सरकत सरकत लिफ्टच्या दारात गेलं. पेडलची स्प्रिंग त्यानं कुठल्या यंत्राची आणली देव जाणे. हलका पाय दिला तर थेंब नाही, जोर दिला की पाणी भांड्यावर आपटून थेट तोंडापर्यंत उसळायचं.

"अहो, हे काय?"

"प्रेशर चांगलं आहे, साहेब," तो अभिमानानं म्हणाला.

मी हार मानणाऱ्यांतला नव्हे. माझी स्टीलची टेप काढली आणि बेसिनपासून थेट बाकापर्यंत, अगदी समान अंतरावर, पांढऱ्या रंगानं गोल आखले. प्रत्येक गोलात एक माणूस. असे गोल तुम्हाला सरकारी कचेरीतही मिळायचे नाहीत.

मी काही उद्घाटन वगैरे ठेवलं नव्हतं. पण महिनोन्‌महिने घरात कोंडलेल्या माणसांना बघायला काहीतरी मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी इमारत खाली उतरली. आधी एका गोलात एकजण उभा राहिला, मग त्याच्या ओळखीचा आला, मग ओळखीच्याची बायको आली. कॅप्टन पेडलवर उभे राहून प्रात्यक्षिक देत होते. फवारा उडाला की सगळे हसायचे आणि "परत! परत!" म्हणायचे. न फिरणारा नळ फिरत का नाही, हे प्रत्येकानं हात लावून तपासलं. मी ओरडत होतो, पण माझं कुणाला ऐकू जाईना. तेव्हा मी स्टुलावर चढलो, मास्क गळ्यात ओढला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला, "गर्दी करू नका! मास्क वर घ्या!"

नेमका तेव्हा पाहणीसाठी पाणीखात्याचा साहेब आला.

बिल्ला दिसताच सगळ्यांचे मास्क झपकन वर गेले. कॅप्टनचासुद्धा! पाहणीसाहेबानं नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. त्या अख्ख्या जमावात मास्क गळ्यात असलेला आणि उंचावरून लोकांवर आवाज चढवणारा मी एकटाच होतो.

"जमाव कुणी जमवला?"

"जमवला नाही, जमला," मी म्हणालो. "मी हटवतोय."

"स्टुलावर उभं राहून?" त्यानं हातातला कागद बघितला. "इथं कारंजं मंजूर आहे. कारंजं कुठाय?"

मी काही बोलायच्या आत त्यानं पेडलवर पाय दिला. चांगला जोरात दिला. पाणी त्याच्या बिल्ल्यावरून कपाळापर्यंत गेलं. तो कारंज्याविषयी पुढं काही बोलला नाही. रुमालानं तोंड पुसलं, बेसिनभोवती लाल पट्टी गुंडाळली, 'पुढील आदेशापर्यंत बंद' असं लिहिलं आणि साथीत सगळ्याच खात्यांना मिळालेलं पावतीपुस्तक काढून मला सगळ्यांदेखत दंड ठोकला. मास्कचा. मला! माझ्याच नोटिशीखाली उभं करून!

वर आलो तेव्हा माझे कान तापले होते. आमचं घर पहिल्या मजल्यावर. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती आणि किती दिवसांनी तिच्या तोंडावर टवटवी होती. "छान जमली होती रे माणसं," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसलो. "आई, माझ्याच्यानं नाही होत. मी नोटीस लावली, चित्र लावलं, बेसिन बांधलं, गोल आखले. कुणी ऐकत नाही. तुला खाली नाही नेता येणार." शेवटचं वाक्य मी नोटीस वाचल्यासारखं खणखणीत म्हणालो. पण तिला आवाज कुठे ऐकू येतो? ती नुसती माझ्या ओठांकडे बघत होती. ओठ थोडे वाकडे झाले असतील.

"तू त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं म्हणजे काय! कितीदा!"

"रोगाचं नव्हे. मला खाली यायचंय, हे सांगितलंस?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला. स्वयंपाकघरात हिनं एक पातेलं उगाचच जोरात आपटलं.

आई कठड्याला धरून उठली. खाली कॅप्टन उरलीसुरली गर्दी पांगवत, म्हणजे प्रत्येकाशी गप्पा मारत उभे होते. मास्क पुन्हा हनुवटीवर आला होता, त्यामुळे आईला त्यांचे ओठ स्वच्छ दिसत होते. "अरे कॅप्टन!" आई म्हणाली आणि रस्त्यापलीकडची माणसंही वर बघायला लागली. "मला बाकावर यायचंय रे. डॉक्टर सोडत नाही. म्हणतो, यांची नाकं उघडी असतात."

कॅप्टनचा हात नाकाकडे गेला. "माझ्या नाकामुळे अडलंय?"

"तुझ्या, आणि त्या गाणंवालीच्या. वकिलाचं तर सगळंच तोंड. मला तुम्ही दिसता रे इथून, पण लांबून काय गंमत? मला जवळ यायचंय."

कॅप्टननी आधी गॅलरीतल्या माझ्याकडे रोखून बघितलं. मग मास्क डोळ्यांखालपर्यंत ओढून म्हणाले, "मावशी, आधी का नाही सांगितलंत? हा सचिव सारखा रोग आला, रोग आला करत होता! आम्हाला वाटलं, याचं नेहमीचंच आहे."

पुढं जे घडलं त्याचं श्रेय इमारतीत ज्याला त्याला दिलं जातं, म्हणून मी नम्रपणे नमूद करतो की, बेसिन माझं होतं आणि गोलही माझे होते. पण खरं सांगायचं तर चक्रं फिरली ती तेव्हापासून. कॅप्टन फाटकाशी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावायला लागले, "नाक! मावशी यायच्यात." गाणंवाल्या बाईंनी नाक झाकून रियाज सुरू केला, आणि शेजाऱ्यांच्या मते गाणं सुधारलं. वकीलसाहेबांनी दोन्ही कानांना मास्क अडकवून पाणीखात्याला असं खरमरीत पत्र धाडलं की, कारंज्यातून पाणी उडालं हा गुन्हा कसा होतो, याचं उत्तर खात्याला देता येईना. लाल पट्टी निघाली. माझं जंतूचं चित्र मात्र कुणीतरी काढलं आणि तिथं कॅप्टनच्या अक्षरात नुसतं एवढंच लिहिलं, 'मावशींना खाली यायचंय.' त्यात ना 'सूचित करण्यात येते', ना 'गंभीर दखल'. पण लोक लिफ्टमध्ये शिरले की ते वाचून मास्क चाचपायचे. मी दोन-तीनदा लपून पाहिलंय.

महिना संपायच्या आत आई खाली उतरली. ठेवणीतली साडी, नवा मास्क, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा दंड. बेसिनपाशी थांबली. मी म्हटलं, जपून, फवारा उडतो. तिनं पाय उचललाच नाही. काठीचं टोक पेडलवर टेकवलं, अलगद रेटलं, आणि पाण्याची अशी शांत धार आली की मी बघतच राहिलो. हात धुऊन ती म्हणाली, "छान झालंय हो." सगळ्या इमारतीत त्या बेसिनला छान म्हणणारी ती पहिली.

ती बाकावर बसली. समोर एकेका गोलात एकेकजण, सगळ्यांची नाकंतोंडं झाकलेली, हात धुतलेले. डॉक्टर येऊन बघते तर त्यांनी स्वतःचे शब्द मागे घेतले असते. सगळे एकदम बोलायला लागले. आई याच्याकडे बघायची, त्याच्याकडे बघायची, मान हलवायची, डोळ्यांनी हसायची. ते हसू मला ओळखीचं होतं. काही कळलं नाही की ती तशी हसते.

मी समोरच्या मास्कांकडे बघितलं. ओठ! एकाचेही ओठ दिसत नव्हते. ज्यांना भेटायला ती तरसली होती ती सगळी माणसं समोर होती, आणि तिला एक शब्द कळत नव्हता. एवढी मापं घेतली मी, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिच्यासमोर वाकलो आणि विचारायला मास्क खाली ओढणार, तोच तिनं माझा हात धरला. "वर घे तो. लोकांनी एवढं केलंय, आणि तू घोळ घालू नकोस. मला ठाऊक होतं रे, ऐकू येणार नाही ते. माणसं तर दिसतात."

हे ती अर्थातच हळू म्हणाली, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. मग कॅप्टन आपल्या गोलात ताठ उभे राहिले आणि छातीतला सगळा दम काढून गरजले, "मावशी! कशा आहात!"

"बरी आहे रे!" आईनं उलट आवाज दिला; एवढी गर्जना तिच्या गेलेल्या कानांतही शिरली होती. तिचा चेहरा लख्ख उजळला.

त्या दिवसापासून आमच्या इमारतीतल्या गप्पा ओरडून होतात. वकीलसाहेबांनी आपला दावा कसा फसला ते गोलातून किंचाळून सांगितलं, आणि शेजारच्या इमारतीनं हळहळ व्यक्त केली. गाणंवाल्या बाईंचा मुलगा नोकरी सोडणार आहे, ही बातमी त्यांच्या यजमानांना वरच्या मजल्यावर खिडकीतून कळली. पाठीमागे बोलायची सोयच राहिली नाही, त्यामुळे भांडणं कमी झाली असं माझं निरीक्षण आहे.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या सकाळचं. ऊन चढत होतं, मी आईला वर न्यायला म्हणून बेसिनपाशी येऊन उभा होतो. तिला मी दिसत नव्हतो. ती गाणंवाल्या बाईंकडे जराशी झुकली आणि तिच्या त्या खास गुपित सांगायच्या आवाजात म्हणाली, "त्याला सांगू नकोस हं. हे सचिव-बिचिव काही खरं नाही. त्यानं सगळं माझ्यासाठी केलंय. लहानपणापासून तसाच आहे तो. मनातलं बोलता येत नाही, मग काहीतरी बांधत बसतो."

हे फाटकानं ऐकलं, रस्त्यानं ऐकलं, सगळ्या मजल्यांनी ऐकलं. कॅप्टन एकदम आभाळ निरखायला लागले. वकीलसाहेबांना, कधी नव्हे ते, मुद्दा सुचेना. आमची ही गॅलरीत उभी होती, ती आत गेली.

मी बेसिनकडे वळलो आणि पेडलवर पाय दिला, चांगला जोरात. फवारा सरळ तोंडावर आला, चष्मा, मास्क, गाल सगळं भिजलं.

"अहो सचिव," मागून कॅप्टन ओरडले, "ती स्प्रिंग एकदा बदलून घ्या!"

मी बदलून घेतलेली नाही. तोंड पुसत मी बाकाकडे गेलो, आईला हात दिला आणि आम्ही जेवायला वर आलो.